जुन्या शैलीत पोस्टरं करून डिझाइनचा इतिहास शिकतेय. हा अभ्यास म्हणायचा की फॅन्सी ड्रेस?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. कराडला माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे, हे अकरावं वर्ष. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, सगळं करते. आर्ट कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. बी.कॉम. झाले, एका प्रेसमध्ये कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकले आणि दुकान टाकलं.

मागच्या पावसाळ्यात मशीनचं हेड गेलं आणि नवीन यायला तीन आठवडे लागले. रिकाम्या वेळात मोबाइलवर ग्राफिक डिझाइनच्या इतिहासाचे व्हिडिओ बघायला लागले आणि डोक्यात किडा शिरला. पण नुसतं बघून काही राहत नाही हो. आर्ट नूवो आधी की आर्ट डेको, रात्री पाठ केलं की सकाळी उलटं. म्हणून ठरवलं, दर रविवारी एका जुन्या शैलीत एक पोस्टर करायचं. मजकूर दर वेळी तोच ठेवायचा, म्हणजे फरक फक्त शैलीचा राहील. मजकूर असा: "शारदीय व्याख्यानमाला. ५ ते ९ ऑक्टोबर, सायंकाळी ६. वाचनालयाचे सभागृह. प्रवेश विनामूल्य." आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला खरीच असते, पण पोस्टर कुणी मागितलेलं नाही.

आतापर्यंत सहा झाली. पॅरिसचा चित्रकार तुलूझ-लोत्रेक, मग आर्ट नूवोवाला मुखा, मग बर्लिनचं 'प्लाकाटश्टील' (एक वस्तू, एक नाव, बाकी काही नाही), मग रशियन रचनावाद, मग स्विस आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्कोचं १९६७ च्या आसपासचं ते वितळल्यासारखं अक्षर. ए-३ वर प्रिंट काढून दुकानात लावलीत. गिऱ्हाईकं "छान आहे" म्हणतात आणि पत्रिकेचा दर विचारतात.

आता अडचण सांगते. मुखाचं पोस्टर मी एका संध्याकाळीत केलं, कारण फुलापानांच्या चौकटी व्हेक्टरमध्ये तयार मिळाल्या. बाईच्या केसांच्या वळ्यासुद्धा तयार. उठताना लक्षात आलं की आपण काहीच शिकलो नाही. स्विस तर चाळीस मिनिटांत झालं आणि सहकारी बँकेच्या वार्षिक सभेच्या नोटिशीसारखं दिसतंय. रचनावादाचं लाल-काळं, तिरप्या पट्ट्यांचं पोस्टर बघून वडील म्हणाले, "निवडणूक लागली का गं?"

दुसरी अडचण देवनागरीची. सगळे नमुने रोमन अक्षरांतले. मी तिथे जाड फाँट टाकला की शिरोरेषेमुळे सगळं कपडे वाळत घातल्यासारखं दोरीला लटकतं. फक्त सॅन फ्रान्सिस्कोवाल्यात मजा आली, का ते कळत नाही.

तर जाणकारांनो, असं पोस्टर करून इतिहास खरंच शिकता येतो का? येत असेल तर माझं चुकतंय कुठे?

बिनधास्त_७७:

ताई, कशाला रविवार वाया घालवताय? एआयला सांगा, तीस सेकंदांत साठ शैली काढून देईल.

कोयनाकाठ:

दादा, पोस्टर मला नकोच आहे. जेवायला हॉटेल आहे हे माहीत असूनही माणूस पुरणपोळी शिकतोच ना?

स्क्वीजी_इचलकरंजी:

मी स्क्रीन प्रिंटिंगवाला. इतिहासातलं मला फार कळत नाही, पण लोत्रेकचं ते मुलँ रूज या पॅरिसच्या नाचघराचं १८९१ चं पोस्टर मी एकदा छापायचा प्रयत्न केलाय, एका कॅफेवाल्यासाठी. तेवढ्यापुरतं सांगतो.

तुमच्या पोस्टरात रंग किती आहेत ते मोजा. फ्लेक्सच्या मशीनला रंग म्हणजे पाणी. ग्रेडियंट टाका, सावली टाका, खर्च तोच. त्या काळात दगडावर छपाई व्हायची आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चित्र दगडावर उलटं काढायचं, तेलकट खडूने नाहीतर शाईने. तेल पाणी झिडकारतं, एवढ्याच गोष्टीवर सगळा कारभार. एक रंग वाढवला की एक दगड वाढला, कागद मशीनमधून आणखी एकदा गेला आणि रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, चुकायची आणखी एक संधी आली. आमच्याकडे आजही तेच आहे, फक्त दगडाऐवजी मेश, म्हणजे जाळी.

मी पॉझिटिव्ह (एकेका रंगाची वेगळी फिल्म) काढायला बसलो तेव्हा त्या माणसाची हुशारी कळली. मधल्या नाचणारीचा पांढरा घागरा म्हणजे न छापलेला कागद! अख्ख्या पोस्टरातली सगळ्यात उजळ, सगळ्यात हलणारी गोष्ट, आणि तिला शाईचा थेंब नाही. मागची गर्दी म्हणजे एक सपाट काळा आकार, वर टोप्यांच्या कडा. पन्नास माणसं एका दगडात. आणि जिथे मधली छटा हवी तिथे ब्रशने शाईचे तुषार उडवलेत. आपण शाळेत टूथब्रश आणि कंगवा घेऊन पान ठेवून करायचो तेच.

तेव्हा पुढचं लोत्रेक चार रंगांत करा, आणि कोरलमध्ये चार लेयर एकमेकांपासून तोडून. प्रत्येक लेयर नुसता काळा. छटा नाही, ट्रान्स्परन्सी नाही. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा फुकट मिळतो, तो कुठे मिळवायचा ते आधी ठरवा. हलके रंग आधी, काळा शेवटी, म्हणजे काळ्याच्या जाडीखाली बाकीच्यांचं अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालेलं झाकतं. जुन्या पोस्टरांना ती जाड काळी बाह्यरेषा का असते याचं निम्मं उत्तर मला तिथे मिळालं. बाकीचं निम्मं जपानी ठशांच्या चित्रांत आहे म्हणतात, ते मास्तर लोक सांगतील.

निवृत्त_मास्तर:

आमची आठवण काढलीच आहे तर लिहितो. उपयोजित कलेच्या वर्गाला मी सत्तावीस वर्षं शिकवलं, त्यातली वीस वर्षं हाच उद्योग मुलांकडून करून घेतला. पहिली काही वर्षं तुमच्यासारखाच फसलो होतो. मुलं नक्कल झकास करायची आणि तोंडी परीक्षेत गप्प.

कोयनाकाठताई, तुमच्या स्विस पोस्टरापासून सुरुवात करतो, कारण ते चाळीस मिनिटांत झालं असं तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. योझेफ म्युलर-ब्रोकमान या स्विस डिझायनरचं १९५५ चं बेथोवनचं पोस्टर काढा, झुरिकच्या टोनहाले सभागृहासाठी केलेलं. काळ्या-पांढऱ्या कमानी, एका केंद्राभोवती फिरणाऱ्या. आता संगणक बंद करा. कंपास, कोनमापक, रूलिंग पेन आणि कार्ट्रिज कागद घ्या. वर्तुळाचे ३२ भाग करा, म्हणजे एकेक भाग सव्वाअकरा अंशांचा. कमानींची सुरुवात आणि शेवट याच विभागणीवर. जाडी प्रत्येक पावलाला दुप्पट: १, २, ४, ८, १६, ३२. माझ्या वर्गात याला दोन दिवस लागायचे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारायचंच, "सर, हे तर लयीसारखं आहे, दुगुन-चौगुन." विचारणारा तबलजीचा मुलगा असेल तर त्याला ते दिसणारच. स्विस म्हणजे मोकळी जागा आणि स्वच्छ फाँट, असं तोवर सगळ्यांना वाटत असायचं. तुमची नोटीस तिथेच झाली. जागा मोकळी सोडलीत, पण ती कशाच्या हिशेबाने सोडली हे ठरवलंच नाहीत.

त्याच पोस्टरात आणखी एक बारीक गोष्ट बघा. 'बेथोवन' हे नाव लहान (स्मॉल) लिपीत आहे. जर्मनमध्ये विशेषनामच काय, साधं 'टेबल'सुद्धा मोठ्या अक्षराने सुरू होतं. तिथे सगळं लहान लिपीत लिहिणं म्हणजे बंडच. त्याचं मूळ बाउहाउस या जर्मन कलाशाळेत सापडतं. तिथल्या हर्बर्ट बायरने १९२५ मध्ये एकच वर्णमाला करायचा घाट घातला. उच्चार एक असताना दोन-दोन अक्षरं कशाला, हा त्याचा सवाल. आता हे मराठीत करून दाखवा! आपल्याकडे मोठी-लहान लिपी कधी नव्हतीच. बायरचं सगळं बंड देवनागरीत आलं की हवेत विरतं. म्हणून बाउहाउसच्या 'लुक'चा मराठी फाँट वापरून काही हाती लागत नाही. आपल्या लिपीत तसा प्रश्न कोणता, हे शोधावं लागतं. माझे विद्यार्थी लगेच शिरोरेषा उडवायचे. शिरोरेषा उडवली की लोक गुजराती म्हणून वाचायला लागतात, हा अनुभव प्रत्येक बॅचने स्वतःच्या पैशाने घेतलाय.

शिरोरेषेला तुम्ही वाळत घालायची दोरी म्हणालात, हसलो. पण तीच दोरी कामाला लावा. रशियन रचनावादी रोदचेंकोचं १९२४ चं पोस्टर पाहिलं असेल, लील्या ब्रिक नावाची बाई तोंडाशी हात नेऊन ओरडतेय आणि तोंडातून कर्ण्यासारखा त्रिकोण निघतोय. ओरडतेय काय? "पुस्तकं!" लेनिनग्राडच्या सरकारी प्रकाशनगृहाची जाहिरात आहे ती. अहो, तुमचं पोस्टर वाचनालयाचं आणि तुम्ही नुसत्या लाल-काळ्या पट्ट्या घेतल्यात, मग वडिलांना निवडणूक दिसणारच. त्या कर्ण्यातली अक्षरं तोंडापासून लांब जाताना मोठी होत जातात. रोमन किंवा रशियन अक्षरांना वरची तिरकी कड नुसती गाठावी लागते. मराठी शब्द तिथे ठेवलात तर शिरोरेषा हीच कर्ण्याची वरची कड होईल. वेलांट्या आणि मात्रा त्या कडेच्या बाहेर जातील, त्यांचं काय करायचं तो तुमचा रविवार.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टरात मजा का आली त्याचं उत्तर सोपं आहे. तिथला पोस्टरवाला वेस विल्सन अक्षर फुगवून आकारात कोंबायचा, आणि आपल्या अक्षरांना वळणं मुळातच भरपूर. पण त्याच्याआधी चित्रकार आल्फ्रेड रोलर करायला हवा होतात. व्हिएन्ना, १९०२-०३. विल्सनने अक्षराची कल्पना तिथून उचलली. आणि सॅन फ्रान्सिस्कोचाच व्हिक्टर मोस्कोसो, ज्याचे रंग डोळ्यांपुढे थरथरतात, तो येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सचा विद्यार्थी. आल्बर्स देसाऊच्या बाउहाउसचा. म्हणजे हिप्पी पोस्टराची आजी व्हिएन्नाची आणि मामा देसाऊचा. क्रमाने पाठ करून तुमच्या लक्षात राहत नाही, याचं मला नवल वाटत नाही. नातेवाईक लक्षात ठेवा, सनावळ्या आपोआप बसतात.

प्लाकाटश्टीलबद्दल एकच. १९०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये प्रीस्टर काड्यापेटीच्या पोस्टराची स्पर्धा होती. लुशियन बर्नहार्डच्या पहिल्या चित्रात टेबल होतं, राखदाणी होती, सिगार होती, धुरातून निघालेल्या नर्तकीही होत्या, असं सांगतात. मग तो एकेक वस्तू काढत गेला. उरल्या दोन काड्या आणि नाव. तुम्ही दुकानातला एक वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या, शुभेच्छुकांच्या सतरा फोटोंसकट. एकेक काढत जा आणि प्रत्येक पायरीची प्रिंट जपून ठेवा. शुभेच्छुकांना दाखवू नका म्हणजे झालं.

जाता जाता. यादीत सहाच्या सहा परदेशी, आणि तुम्ही राहता कराडला. कोल्हापूर सत्तर किलोमीटर. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात शिरलेले बाबूराव पेंटर तिथले, त्यांचं १९२४ चं 'कल्याण खजिना'चं पोस्टर बघा, रोदचेंकोच्याच वर्षातलं. आणि वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी केलेली अक्षरं. छोट्याशा चौकोनात, नुसत्या काळ्या शाईत, नाटकाचं नाव वाचल्याबरोबर ते विनोदी की गंभीर हे कळायचं. तुमचे वडील आठवून सांगतील. देवनागरीचं काय करायचं याची शिकवणी तिथे फुकट आहे.

झुरिककर:

मास्तरांनी टोनहालेचं नाव घेतलं म्हणून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा, इथे बारा वर्षं. रोज ट्रामने त्या सभागृहावरून जातो, पोस्टराशी त्याचा संबंध आहे हे आज कळलं.

एक गोष्ट मोबाइलवर कळत नाही, ती म्हणजे माप. स्विस पोस्टरांचं माप ठरलेलं असायचं, ९०.५ बाय १२८ सेंटीमीटर. रस्त्यावर तशाच जागा ओळीने असत, त्यामुळे शेजारी दुसरं पोस्टर असणार हे करणाऱ्याला माहीत. मी इथल्या डिझाइन संग्रहालयात मूळ पोस्टरं पाहिली तेव्हा कमानी अंगावर आल्या. ए-३ वर ते चिन्हासारखं दिसतं. या संग्रहालयाचा पोस्टरसंग्रह प्रचंड आहे आणि बराचसा ऑनलाइन फुकट बघता येतो.

ताई, तुमच्याकडे तर फ्लेक्सचं मशीन आहे! जगात किती विद्यार्थ्यांकडे असेल?

स्क्वीजी_इचलकरंजी:

९०.५ बाय १२८ म्हणजे साडेबारा चौरस फूट. स्वतःच्या मशीनवर काय जातंय?

कोयनाकाठ:

सगळ्यांचे आभार. तीन रविवार गेले, म्हणून उशिरा लिहितेय.

सर, बेथोवन केलं. कंपास भाच्याचा, दहावीचा, त्याची पेन्सिल सारखी सटकायची. रूलिंग पेन बेळगावहून मागवावं लागलं. ३२ भाग पाडताना सव्वाअकरा अंश कोनमापकावर कुठे दाखवायचे हेच कळेना, मग ९० चे निम्मे ४५, त्याचे साडेबावीस, त्याचे सव्वाअकरा, असं कंपासने दुभागत गेले. तेव्हा दिसलं की जाडीत जे दुप्पट होत जातंय तेच कोनात निम्मं होत आलंय. कोरलमध्ये रोटेट करून आकडा टाकला असता तर हे कधीच दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, दुकानात मी आणि तो कागद. १६ नंतरची ३२ ची पट्टी शाईने भरायला बसले तर बाटलीतली निम्मी शाई त्यातच गेली. पातळ पट्टी म्हणजे एक रेघ, आणि ही अशी. डोळ्याला दिसत होतंच, हाताला तेव्हा कळलं.

मग स्विस पोस्टर पुन्हा केलं. व्याख्यानं पाच, म्हणून पाच पट्ट्या, दुप्पट होत जाणाऱ्या, शेवटच्या दिवसाची सर्वात रुंद. मजकूर त्या पट्ट्यांच्या डाव्या कडेला. आता बँकेची सभा वाटत नाही.

रोदचेंकोत मात्र अडकले. कर्ण्यात "ऐका!" लिहिलं. 'ऐ'ची मात्रा शिरोरेषेच्या बाहेर, म्हणजे कर्ण्याच्या बाहेर गेली, आणि कर्णा फुटल्यासारखा दिसायला लागला. ती आत दाबली तर "एका!" होतं. चार तास गेले. शेवटी मात्रा लाल केली आणि बाहेरच ठेवली, ठिणगी उडाल्यासारखी. बरोबर आहे की पळवाट आहे, ते सरांनी सांगावं. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "ही बाई कुणाला ओरडतेय?" निवडणूक म्हणाले नाहीत.

शेडग्यांच्या अक्षरांचं विचारलं तर वडिलांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. आत जुन्या वर्तमानपत्रांचे कागद, कपबश्या गुंडाळून ठेवलेले. त्यात नाटकांच्या जाहिराती! कुणी केल्यात ते लिहिलेलं नाही, पण कात्रणं कापून वहीत चिकटवतेय. आईला कपबश्यांसाठी नवे कागद द्यावे लागले.

आणि झुरिककर दादा, मापाचं ऐकलं. स्विस पोस्टर ९०.५ बाय १२८ ला काढून दुकानासमोर लावलं, दोन्ही बाजूंना वाढदिवसाचे फ्लेक्स असताना. पहिल्याच दिवशी वाचनालयाचे कार्यवाह स्वतः आत आले. बराच वेळ बाहेर उभे होते म्हणे. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलणार. म्हणाले, "छान आहे, पण तारीख कुठंय?" तारीख होती. ए-३ वर व्यवस्थित दिसत होती. रस्त्याच्या पलीकडून शून्य.

तारीख मोठी केली आणि त्यासाठी सगळ्या पट्ट्या पुन्हा मोजून बसवाव्या लागल्या. आता त्यांना यंदाच्या व्याख्यानमालेसाठी खरंच पोस्टर हवंय. स्विस नको, लोत्रेकवालं पाहिजे, "ते जरा भरल्यासारखं वाटतं" म्हणाले. चार लेयर तोडून केलंय, वक्त्याचा पांढरा सदरा म्हणजे कोरा कागद. स्क्वीजीदादा, १५ बाय २० इंच, चार स्क्रीन, पन्नास प्रती. काय पडेल?

स्क्वीजी_इचलकरंजी:

फाइल पाठवा, आधी बघतो. कागद तुमचा की माझा? आणि पांढरा सदरा म्हणताय, तर कागद पिवळट घेऊ नका.